कापलेले श्वास

"ताई, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

नोएडातल्या स्टुडिओत दुपारचा चहा चालला होता, तेव्हा माझं रेकॉर्डिंग एडिट करणाऱ्या मुलीनं हे विचारलं. मला वाटलं, हिला सुट्टी हवी असेल. ती यवतमाळकडची. स्पर्धा परीक्षा द्यायला दिल्लीत आली, मुनिरक्यात एका खोलीत राहून काही वर्षं अभ्यास केला, मग परीक्षेचा नाद सोडून आवाजाच्या कामात शिरली आणि तिथे अशी रमली की आता कुणी परत पुस्तकं घेऊन बस म्हटलं तरी बसणार नाही.

"विचार की," मी म्हटलं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला? मी एकदम मजेत आहे. का गं?"

तिनं कप खाली ठेवला, हेडफोन माझ्या हातात दिला आणि ती कॉम्प्युटरकडे वळली.

आमचं काम थोडं सांगायला हवं. मी मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचते. लोक ती फोनवर ऐकतात, कुणी स्वयंपाक करताना, कुणी गाडी चालवताना. काचेच्या पलीकडे बसून मी वाचायचं आणि नंतर त्या वाचनातला कचरा या मुलीनं काढायचा. कचरा म्हणजे पान उलटल्याचा आवाज, ओठांची चुटचुट, पोटातली गुरगुर, आणि श्वास. श्वास सगळेच्या सगळे काढत नाहीत, नाहीतर वाचणारं माणूस यंत्र वाटायला लागतं. पण जिथे तो कानाला बोचतो तिथे ती तो कापते. पडद्यावर माझा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो आणि दोन डोंगरांच्या मधे श्वासाचं एक लहानसं करडं झुडूप उगवलेलं असतं.

तिनं आधी माझं एक जुनं पुस्तक लावलं. मग ज्या जाडजूड कादंबरीचं काम चालू होतं तिचं एक प्रकरण. दोन्ही मी वाचलेली, त्याच खोलीत, त्याच माइकवर. जुन्या पुस्तकात झुडपं पूर्णविरामापाशी होती. नव्यात ती स्वल्पविरामापाशी होती, 'आणि'च्या आधी होती, 'पण'च्या नंतर होती. एका ठिकाणी तर मी 'आजूबाजूला' या शब्दाचे दोन तुकडे केले होते आणि मधे हवा भरून घेतली होती.

"हे सगळं मी कापते," ती म्हणाली. "प्रकरणाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आता. कामाचं काही नाही हो ताई. पण मला काळजी वाटते."

मी हेडफोन काढला. म्हटलं, एसी फार थंड ठेवतात हल्ली. तिनं मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मला राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दमा मला लहानपणापासूनच. माझे वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मी पहाडगंजातल्या मराठी शाळेत शिकले. खेळाच्या तासाला बाकीच्या मुली पळायच्या आणि मी पायरीवर बसून त्यांच्या चपला सांभाळायचे. कॉलेजात गेल्यावर हातात निळा पंप आला. दोन वेळा तोंडात मारला की छातीची दारं उघडल्यासारखी उघडायची. त्या पंपाच्या जोरावर मी बसमागे धावले, लग्नात नाचले, गोळ्या आणि वाफ घेणाऱ्या आजारी मुलीची मी चारचौघांसारखी बाई झाले. त्याचे उपकार मी आजही मानते.

पण हळूहळू असं झालं की छाती भरायची वाट बघायचीही गरज उरली नाही. घरून निघताना पंप, मेट्रोतून उतरल्यावर पंप, माइकसमोर बसण्याआधी तर पंप हवाच. घेतला की बोटं किंचित थरथरायची आणि छातीत धडधड सुरू व्हायची. त्या धडधडीला मी उत्साह समजत असे. वाटायचं, आता गाडी सुरू झाली, आता वाचन रंगणार. माझ्या वयाच्या बायका गुडघे धरून बसतात आणि मला बघा, असा थोडा तोराही होता. मला धाप लागत नाही, हे मी सगळ्यांना सांगायचे. आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला ती जाणवतच नव्हती.

त्या संध्याकाळी द्वारकेला घरी पोचल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं, ते त्यानं माझी बाजू घ्यावी म्हणून. तो वर्षभरापूर्वी निवृत्त झालाय. भाजी निवडत होता.

"ती पोरगी उगाच काहीतरी काढते," मी म्हटलं. "मला काही होतंय का? तूच सांग."

त्यानं मेथीची काडी खाली ठेवली. "तू चालताना बोलत नाहीस हल्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण मार्केटला निघालो की तू एखादी गोष्ट सांगायला सुरुवात करतेस, मग गप्प होतेस, आणि दुकानापाशी उभं राहिल्यावर पुढचं सांगतेस. मला वाटलं, वय झालं. माझंही झालंय."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तूच म्हणतेस ना, मी एकदम ठीक."

मी चिडून आत गेले. पण आत जाऊन बसल्यावर माझं मलाच एकेक आठवायला लागलं. मेट्रोत मी जिना कधी चढले होते? सरकता जिना बंद असला तर मी लिफ्टच्या रांगेत उभी राहायचे. सेक्टरच्या टोकाला बसणारा भाजीवाला चांगला, ताजा माल आणायचा, पण मी त्याच्याकडे जाणं कधीचं सोडलं होतं. गेटासमोरच्याचीच भाजी बरी म्हणायला लागले होते. गाद्या उन्हात टाकायचं काम नवऱ्यानं कधी घेतलं, तेही आठवेना. माझं अंगण असं चारी बाजूंनी लहान होत गेलं होतं, आणि त्याच्या मधोमध मी मजेत उभी होते.

तरी मी सहज ऐकणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले ती त्या मुलीला खोटं पाडायच्या इराद्यानंच. पंप पर्समध्ये ठेवला आणि न घेता माइकसमोर बसले. म्हटलं, आज बिनापंपाचं वाचते, बघू किती झुडपं उगवतात.

पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर एक लांबलचक वाक्य होतं. त्याच्या मध्यावर आवाज पातळ व्हायला लागला. छातीत काही दुखत नव्हतं, कोंडल्यासारखंही वाटत नव्हतं. छाती आपली शांत होती, पण वाक्य संपत नव्हतं. मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथेच आवाजाची वात विझली. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा काचेपलीकडे ती मुलगी उभी राहिलेली दिसली. तिनं दार उघडलं आणि माझी पर्स माझ्यासमोर धरली.

"ताई, घ्या आधी. तुमचे ओठ बघा कसे झालेत."

मी पंप घेतला. मग तिच्या फोनवरूनच आमच्या भागातल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. बोलणं सगळं हिंदीतून.

"साँस कैसी है अभी?" त्यांनी विचारलं.

"एकदम ठीक," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातात प्लास्टिकची एक नळी दिली. तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि एक लहानसा सरकता काटा होता. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग रंगवलेले. म्हणाल्या, पूर्ण श्वास भरा आणि एका झटक्यात फुंका. मी फुंकलं. काटा जरा हलला आणि लालच्या काठावर थांबला. मला वाटलं, नळी बिघडलीय. दुसऱ्या नळीनंही तेच सांगितलं. मग त्यांनी मला औषधाची वाफ दिली, बाहेर बाकावर बसवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. काटा टुणकन उडी मारून बराच वर गेला.

"अब? कुछ फ़र्क लगा?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. पहिल्यासारखंच वाटतंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "यही तो मुश्किल है," त्या म्हणाल्या. पुढे हिंदीत जे बोलल्या त्याचा अर्थ असा: तुमचा दमा वाईट आहे याची मला तितकी भीती नाही, तो आवरता येईल. पण श्वासनळी अर्ध्यावर आली काय आणि पूर्ण उघडली काय, तुम्हाला दोन्ही सारखंच वाटतं, याची भीती आहे. ज्या पेशंटला त्रास कळतो तो रडत-ओरडत माझ्याकडे वेळेवर येतो. तुमच्यासारखे शेवटच्या घडीला येतात. निळा पंप श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, तेवढंच. आतली सूज तशीच राहते. आणि तुम्ही काही वाटायच्या आधीच तो घेत आलात. मग शरीरानं सांगायचं कधी, आणि तुम्ही ऐकायचं कधी?

त्यांनी दुसरा पंप लिहून दिला. रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटो न वाटो. आतली सूज उतरवणारा. त्यात स्टेरॉइड असतं हे मला माहीत होतं. पूर्वी एका डॉक्टरांनी तो दिला होता आणि मी चार दिवसांत सोडला होता. घेऊन काहीच वाटत नव्हतं हे एक कारण. दुसरं म्हणजे, माझ्या ओळखीच्या एका निवेदिकेचा आवाज त्यानं घोगरा झाला होता.

"मी आवाजावर जगते," मी म्हटलं. "आवाज गेला तर?"

"और साँस गई तो आवाज़ किससे निकालेंगी?" त्या म्हणाल्या, पण लगेच हसल्या आणि मला सगळं नीट दाखवलं. पंपाच्या तोंडाला लावायचा एक प्लास्टिकचा मोठा फुगीर डबा, म्हणजे औषध घशावर न आदळता सावकाश खाली उतरतं. घेऊन झाल्यावर खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या, ते पाणी थुंकायचं. "आवाज बसला तर मला फोन करा. औषध आपल्या मनानं थांबवायचं नाही."

मग त्यांनी एक खेळ शिकवला. रोज सकाळी नळी फुंकायच्या आधी डोळे मिटून छातीला विचारायचं, आज काटा कुठे येईल? हिरव्यात, पिवळ्यात की लालमध्ये? अंदाज मोठ्यानं बोलायचा आणि मग फुंकायचं. "तुमची आतली पट्टी पुसली गेलीय," त्या म्हणाल्या. "आपण ती पुन्हा आखणार आहोत."

हा खेळ नवऱ्याला फार आवडला. त्यानं त्यात पैज घातली. अंदाज बरोबर आला तर चहा तो करणार, चुकला तर मी. पहिले कितीतरी दिवस आमच्या घरी चहा मीच केला. मी म्हणायचे "हिरवा", काटा पिवळ्यात बसायचा. मी खाली उतरून "पिवळा" म्हणायचे, तर तो लालकडे झुकलेला. नवरा नळी उजेडात धरून मोठ्यानं निकाल द्यायचा आणि पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसायचा.

आणि दुसरा पंप? तो घेताना मला रोज फसवल्यासारखं वाटायचं. ना धडधड, ना बोटांना कंप, ना अंगात वारं शिरल्यासारखं काही. औषध घेतल्यासारखं वाटतच नव्हतं. निळा पंप हात धरून ओढत न्यायचा. हा आपला मुका. दुसऱ्या आठवड्यात तर आवाज खरखरला. मी घाबरून डॉक्टरांकडे धावले. त्यांनी पंप आपल्यासमोर घ्यायला लावला, आणि माझं बिंग फुटलं. घाईत मी डबा न लावता थेट तोंडात मारत होते आणि गुळण्यांच्या नावाखाली दोन घोट पाणी पीत होते. तेव्हापासून न्हाणीघरातून माझ्या गुळण्यांचा असा आवाज यायला लागला की नवरा म्हणायचा, शेजारी समजतील आपण गायनाचा क्लास काढला. खरखर गेली.

मग एक दिवस मेट्रोच्या राजीव चौक स्टेशनात गाडी बदलताना सरकता जिना बंद होता. नवऱ्याचा फोन आला होता. गॅसवाला येऊन गेला की नाही, यावरून आमचं चाललं होतं. बोलत बोलत मी साध्या जिन्यानं वर आले आणि फलाटावर पोचले तरी भांडतच होते. मधे कुठे थांबले नव्हते. पलीकडून नवराच म्हणाला, "तू जिना चढतेयस का? पावलांचा आवाज येतोय."

"हो."

"आणि भांडतेयस?"

"हो!"

गर्दीत मी एकटीच हसत उभी होते. बाजूची एक मुलगी माझ्याकडे बघून सरकून उभी राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मात्र मी चांगलीच हादरले. दिवाळीच्या तोंडावर सोसायटीत रंगकाम निघालं. लिफ्टसमोरून जाताना ऑइलपेंटचा वास आला आणि छातीभोवती कुणीतरी ओल्या कापडाची पट्टी आवळावी तसं झालं. गळ्याच्या खालच्या खोबणीत खाज, पाठीत दोन खांद्यांच्या मधे एक दाब. असं मला वर्षानुवर्षं झालं नव्हतं. मी घरात येऊन बसले आणि डॉक्टरांना फोन लावला. चांगलीच तापले होते.

"इस दवाई ने मुझे कमज़ोर कर दिया है," मी म्हटलं. "आधी मला रंगाचं काही होत नव्हतं. आता नुसत्या वासानं छाती आवळते. मी हा पंप बंद करते."

"पहले फूँकिए," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी फोनवर आहे."

मी डोळे मिटून अंदाज केला. हिरव्याच्या खालच्या कडेला, पिवळ्याच्या जरासा अलीकडे. फुंकलं. काटा नेमका तिथेच येऊन थांबला.

मी तो आकडा सांगितला, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मुबारक हो! आपको पता चल गया."

मला कळेना, अभिनंदन कशाचं. मग त्यांनी समजावलं. तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा काटा याच्या कितीतरी खाली होता, आणि तुम्ही म्हणालात, एकदम ठीक. आज तो थोडासा घसरला तर तुम्हाला लिफ्टपाशीच कळलं. औषधानं तुम्हाला नाजूक केलेलं नाही. आधी छाती बारा महिने आवळलेलीच असायची, म्हणून आणखी आवळली तरी तुम्हाला वेगळं काही वाटत नव्हतं. आता ती मोकळी आहे, म्हणून फरक कळतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींना सूज उतरल्यावर जाणीव परत येते. तुम्ही नशीबवान.

मी फोन ठेवला. छाती अजून आवळलेली होती आणि मी त्या आवळण्याकडे नवलानं बघत होते. हे असं असतं तर! याला म्हणतात छाती भरणं. लहानपणी आई विचारायची, "छाती भरलीय का गं?" आणि मी हो म्हणायचे, तो शब्द मला ठाऊक होता. मग इतकी वर्षं सगळे डॉक्टर मला हिंदीत विचारत आले, "साँस फूलती है?" आणि मी नाही म्हणत आले, कारण माझा श्वास फुलत नव्हताच. छाती भरत होती, आणि ती भरल्याची खूण मी हरवून बसले होते. नवरा पाणी घेऊन आला. म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "छाती भरलीय. मला कळतंय!" असं आनंदानं सांगणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

त्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा नेहमीसारखीच धुराची झाली. सकाळी बाल्कनीतून समोरची इमारत दिसेना, दुपारचा सूर्य पिवळट नाण्यासारखा लटकलेला. मी मास्क लावून नोएडाला जात होते, कारण कादंबरीची शेवटची प्रकरणं राहिली होती. एका दुपारी वाचता वाचता गळ्याखालच्या खोबणीत तीच खाज आली. वाचन उत्तम चाललं होतं. काचेपलीकडे मुलीनं अंगठा वर केलेला होता. पूर्वीची मी असते तर एक पंप मारून पुढे वाचत सुटले असते, किंबहुना आधीच मारलेला असता. मी हात वर करून थांबवलं.

"काय झालं ताई? मस्त चाललं होतं. मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"तुला नाही आलं," मी म्हटलं. "मला आलं."

अंदाज केला: पिवळा. पर्समधली नळी काढून फुंकली: पिवळा. डॉक्टरांनी अशा वेळचं जे सांगून ठेवलं होतं ते सगळं केलं. आधी निळ्या पंपाचे झटके डब्यातून, सावकाश. मग डॉक्टरांना फोन, त्यांनी काही दिवसांपुरतं औषध वाढवलं. रेकॉर्डिंग बंद, दारं-खिडक्या लावून घरी आराम. मुलगी मला मेट्रोपर्यंत सोडायला आली आणि वाटेत सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अगं, बघतेस काय? मी ठीक आहे," मी म्हटलं आणि मलाच हसू आलं. तेच जुनं वाक्य. पण आता ते मी पंपानंतर पुन्हा नळी फुंकून, पडताळून बोलत होते.

काही दिवसांत काटा परत हिरव्यात आला. दवाखान्यात भरती नाही, रात्री उठून बसणं नाही. त्या हवेत आमच्या इमारतीतले चांगले धडधाकट लोक खोकून बेजार झाले होते. नवरा मला एकदा म्हणाला, "मला तर त्या दिवशी काही कळलंच नसतं." माझ्या छातीची बातमी आजवर आधी दुसऱ्यांना कळायची, त्या मुलीला कळायची, नवऱ्याला कळायची. या वेळी ती सगळ्यांत आधी मला कळली होती. परीक्षेत पहिलं येणं मला कधी जमलं नाही, पण कसं वाटत असेल याची कल्पना आली.

आणि हो, सकाळचा चहा आता नवरा करतो. जवळजवळ रोज. तो म्हणतो, पैज घातली तो मी मूर्ख.

मार्चमध्ये, हवा स्वच्छ झाल्यावर, इथल्या मराठी मंडळींनी पहाडगंजात एका सभागृहात अभिवाचनाचा कार्यक्रम ठेवला. मला बोलावणं आलं. इतकी वर्षं मी काचेमागे वाचत आले. समोर माणसं बसवून कधी वाचलं नव्हतं. स्टुडिओत चुकलं तर परत घेता येतं, मागे एडिट करणारी असते. तिथे जे तोंडातून जाईल ते गेलं. मी नाही म्हणणार होते. स्टुडिओतली मुलगीच म्हणाली, "ताई, जा ना. मी येते ऐकायला. आणि काहीतरी गमतीचं वाचा, रडकं नको."

मी एका नव्या लेखिकेची विनोदी गोष्ट निवडली. त्यात लग्नाच्या मांडवात एक मावशी आचाऱ्याला झापते, तो सबंध परिच्छेद एका दमात म्हणायचा आहे. जिलबीपासून सुरुवात करून ती त्याच्या सासऱ्यापर्यंत पोचते आणि तिथून परत जिलबीवर येते. मधे थांबलं की सगळी मजा गेली. अशी गोष्ट पूर्वी मी हातातही घेतली नसती.

निघण्याआधी नळी फुंकली. हिरवा, अंदाजाप्रमाणे. निळा पंप पर्समध्ये होताच; तो आजही असतो आणि असणार. पण त्या दिवशी तो पर्सच्या तळाशी होता आणि त्याची आठवण मला स्टेजवर जाईपर्यंत झाली नाही.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पुढे वयस्कर मंडळी, मागे त्यांची मुलं-नातवंडं, ज्यांना मराठी कळतं पण 'मांडव' म्हणजे काय ते आईला विचारावं लागतं. मुलगी दुसऱ्या रांगेत, नवरा तिच्या शेजारी. मी वाचायला लागले. पहिल्या पानाला हळूहळू खसखस पिकली. मग मावशी मांडवात शिरली.

मी श्वास भरून घेतला. तो कसा खालपर्यंत गेला, फासळ्या बाजूंना कशा उघडल्या, ते सगळं मला आतून स्पष्ट जाणवलं. आणि मी सुटले. जिलबीचा पाक पातळ, तेल जुनं, बुंदीचे लाडू दगडासारखे, आचाऱ्याचा भाऊ दारात विडी ओढत बसलेला, आचाऱ्याचं लग्न याच मावशीनं जुळवलेलं, ती सोयरीकच चुकली, सासराही तसलाच. मध्यावर आले तेव्हा लोक हसायला लागले होते. हसण्याच्या वर माझा आवाज चढवावा लागला, तोही चढला. मागच्या मुलांना अर्धे शब्द कळत नव्हते, पण मावशी कळत होती. पोरं पोटं धरून हसत होती. मी सासऱ्याला वळसा घालून जिलबीकडे परत आले, शेवटचा शब्द उच्चारला, आणि तरी छातीत थोडी हवा शिल्लक होती. इतकी, की मी तीही एका लांबलचक, तिरस्कारानं भरलेल्या मावशीछाप "शीऽऽऽ!"मध्ये खर्च केली. हे गोष्टीत लिहिलेलं नव्हतं.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नवरा इतक्या जोरात टाळ्या वाजवत होता की शेजारचे आजोबा त्याच्याकडे वळून बघत होते. मुलगी दोन्ही हात वर करून उभी होती, डोळे पुसत होती की हसत होती ते दिव्यांमुळे नीट दिसेना. माझ्या बोटांना कंप नव्हता, छातीत घोडदौड नव्हती. होता तो आनंद, निव्वळ, आणि तो माझा होता.

गोष्ट संपवून मी पुस्तक मिटलं, नमस्कार केला. टाळ्या थांबल्या, तसं मागून एका पोराचं दिल्लीपण न लपणारं मराठी ऐकू आलं: "आँटी, आणखी एक, प्लीज़!" मग पुढच्या रांगाही तेच म्हणायला लागल्या. मी संयोजकांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे बघून खांदे उडवले.

मी घोटभर पाणी प्यायले, खुर्ची पुढे ओढली आणि दुसरी गोष्ट काढली.